अंधबिंदूचा नकाशा काढून मेंदूचं काय कळतं?

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पत्नी ३६ वर्षांची, चार-पाच महिन्यांपासून डोकं दुखतं. कुणीतरी सांगितलं म्हणून तिला एका थेरपीवाल्याकडे नेलं. त्याने कागदावर फुली काढून तिला एका डोळ्याने तिच्याकडे बघायला लावलं आणि पेनाचं टोक इकडून तिकडे सरकवत ते कुठे दिसेनासं होतं याच्या खुणा केल्या. दोन्ही डोळ्यांच्या अंधबिंदूचे, म्हणजे डोळ्याला जिथलं काही दिसत नाही त्या जागेचे, असे दोन नकाशे निघाले. उजव्या डोळ्याचा डाग मोठा आला, तेव्हा ‘डावा मेंदू मंद चालतो आहे’ असं निदान झालं आणि मानेला झटके देण्याची बारा सत्रं सुचवली गेली. पहिल्या सत्रानंतर लगेच पुन्हा नकाशा काढला, तर डाग खरंच लहान झालेला. गृहस्थ विचारतात, ‘डोळ्यांनी पाहिलं आहे, खोटं कसं म्हणू? आणि एमआरआय करून घ्यावा का?’

सरळ उत्तर आधी देतो. त्या कागदावरून मेंदूच्या डाव्या-उजव्या ताकदीबद्दल काहीही कळत नाही. मानेचे झटके आजपासून बंद करा. पण डोकेदुखी आहे आणि अंधबिंदू मोठा निघाल्याचं कुणी म्हटलं आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर मी गप्प बसणार नाही. याच आठवड्यात थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या. एमआरआयचं त्यानंतर ठरेल. आता कारणं.

अंधबिंदू सगळ्यांना असतो, तुम्हालाही आहे. कोऱ्या कागदावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठसठशीत काळा ठिपका. डावा डोळा तळहाताने झाका, उजव्याने फुलीकडेच बघा आणि हातभर लांब धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होईल. फुलीवरून नजर ढळली की लगेच परत येईल. बहुतेकांना पहिल्या खेपेला जमत नाही, कारण नजर ठिपक्याकडे पळते. घरातल्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

हे असं होतं ते डोळ्याच्या बांधणीमुळे. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींहून जास्त आहेत आणि त्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू १० ते १२ लाख. हे तंतू पडद्याच्या आतल्या अंगाने, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतूनच धावतात, एका जागी गोळा होतात आणि तिथून डोळ्याबाहेर पडतात. तीच डोळ्याची नस. ती जिथून निघते त्या दीडेक मिलिमीटरच्या चकतीवर प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू पडद्याच्या पाठीमागून निघतात, त्यामुळे त्याला ही अडचण नाही. माणसातला अंधबिंदू एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात दाखवून दिला. त्याआधी हजारो वर्षं माणसं दोन डोळ्यांनी जग बघत होती आणि प्रत्येक डोळ्यातलं हे भोक कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अंधबिंदूबद्दलची सगळ्यात विलक्षण गोष्ट मला तरी हीच वाटते.

आकाराची थोडी कल्पना असू द्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे. नजर जिथे रोखली आहे तिथून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर, आडव्या रेषेच्या किंचित खाली तो असतो. रुंदी साडेपाच अंशांच्या आसपास, उंची साडेसात. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे दहा-अकरा चंद्र त्यात ओळीने मावतील. ३० सेंटिमीटरवरच्या कागदावर तो जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद असतो, पण १० मीटरवर जवळपास एक मीटर. एक डोळा मिटून वर्धा रोडच्या कडेला उभे राहिलात, तर समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचं डोकं आणि खांदे त्यात सहज गडप होतील. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, कारण दोघांचे अंधबिंदू एकाच जागी पडत नाहीत.

आता तो कागद. बोलता बोलता पेशंट ३ सेंटिमीटर मागे सरली, म्हणजे ३० ऐवजी ३३ वर गेली, तर अंधबिंदूची रुंदी आणि उंची दोन्ही १० टक्क्यांनी वाढतात आणि कागदावरचा डाग क्षेत्रफळाने २१ टक्क्यांनी मोठा निघतो. मेंदूत काहीही बदललेलं नसतं. नजर फुलीवरून एका अंशाने हलली तर डागाची कड ५ मिलिमीटर सरकते, आणि हनुवटी टेकवायला आधार नसेल तर इतकी हालचाल कुणाचीही होते. तिसरी गोष्ट प्रतिसादाच्या वेळेची. पेन सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने सरकत असेल आणि ‘गेलं’ म्हणायला पेशंटने सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतला, तर खूण १ सेंटिमीटर पुढे पडते. बाहेरून आत येताना ‘गेलं’ म्हणायला उशीर झाला की डाग लहान निघतो. आतून बाहेर जाताना ‘आलं’ म्हणायला उशीर झाला की मोठा निघतो. पहिल्या नकाशात पेन भराभर आतून बाहेर नेलं आणि दुसऱ्यात जरा सावकाश, एवढ्यानेही चमत्कार घडतो. पेन धरणाऱ्याच्या मनात खोट असायची गरज नाही. सुधारणा व्हावी अशी नुसती आशा असली तरी हात आपोआप तसा चालतो.

शिवाय सराव. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात लोकांना अंधबिंदूच्या कडेवर दाखवलेल्या आकृत्या ओळखायचा सराव दिला, तर वीस दिवसांच्या सरावानंतर अंधबिंदू सुमारे १० टक्क्यांनी आकसला. मानेला कुणी हात लावला नव्हता. कडेवरच्या पेशींकडून येणारा अंधूक निरोप मेंदू जास्त बारकाईने वाचायला शिकला. तेव्हा दुसऱ्या खेपेला डाग लहान येणं यात नवल नाही. तुम्ही पाहिलंत ते खोटं नव्हतं, पण त्याचं श्रेय मानेला देता येत नाही.

हा प्रकार आला कुठून तेही सांगतो. मानेच्या मणक्यांना झटका दिल्यावर अंधबिंदूचा नकाशा बदलतो आणि म्हणून मेंदूचं काम बदलतं, असा दावा १९९७ साली मणक्यांच्या उपचारपद्धतीच्या एका नियतकालिकात छापून आला. तेव्हापासून तो शिबिरांमधून आणि वर्कशॉपमधून फिरतो आहे. दाव्याचं तर्कशास्त्र तपासायला डॉक्टर असायला लागत नाही. उजव्या डोळ्याचा अंधबिंदू नाकाकडच्या पडद्यावर असतो आणि त्या भागाचे तंतू ओलांडून डाव्या मेंदूत जातात, एवढं खरं आहे. पण डाव्या मेंदूला डाव्या डोळ्याच्या कानाकडच्या पडद्याचे तंतूही मिळतात. डावा मेंदू खरोखरच मंद चालत असेल, तर दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा उजवा भाग अधू व्हायला हवा. एकट्या उजव्या डोळ्याचा एक डाग फुगवून तो थांबणार नाही. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला उणीव आली की मेंदूचा संशय घ्यायचा, एकाच डोळ्यात असेल तर आधी डोळा आणि त्याची नस बघायची, हे आम्हाला शिकताना पहिल्या काही आठवड्यांतच पाठ होतं.

आमच्या फिल्ड टेस्टच्या, म्हणजे नजर चहूबाजूंना कुठे पोचते आणि कुठे नाही ते तपासणाऱ्या, मशीनमध्ये अंधबिंदूचा उपयोग नेमका उलटा होतो. अधूनमधून मशीन मुद्दाम पेशंटच्या अंधबिंदूवर प्रकाशाचा ठिपका टाकतं. नजर मधल्या खुणेवर असेल तर तो दिसायलाच नको. पेशंटने बटण दाबलं तर नजर भटकली अशी नोंद होते आणि अशा नोंदी साधारण २० टक्क्यांच्या वर गेल्या की रिपोर्टवर विश्वास ठेवताना आम्ही हात आखडता घेतो. म्हणजे डोळ्याच्या शास्त्रात अंधबिंदू ही जागची न हलणारी खूण आहे. तिच्यावरून बाकीचं मोजतात.

मग अंधबिंदूवरून मेंदूबद्दल काहीच कळत नाही का? कळतं, आणि फार काही कळतं. फक्त ते त्याच्या मापातून कळत नाही. तिथे भोक का दिसत नाही, या प्रश्नातून कळतं. मघाचाच प्रयोग रेघा असलेल्या वहीच्या पानावर करा. ठिपका जातो, पण त्या जागी काळं किंवा पांढरं काही उरत नाही. रेघा सलग दिसतात. मेंदू आजूबाजूचा पोत घेऊन तिथे रफू करतो. मूळचे तमिळनाडूतले आणि पुढे कॅलिफोर्नियात काम केलेले मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९२ च्या सुमारास एक सुंदर गोष्ट दाखवली. पिवळ्या कड्यांनी भरलेलं चित्र घ्यायचं आणि त्यातल्या एका कड्याचं भोक बरोबर अंधबिंदूत बसेल अशी नजर रोखायची. ते कडं भरीव पिवळी चकती होऊन बाकीच्या कड्यांमधून चटकन उठून दिसतं. म्हणजे भरणी आधी होते आणि लक्ष जाणं नंतर. विचार करून ‘तिथे पिवळंच असेल’ असं आपण ठरवत नाही, बघण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच ते घडून जातं. जपानमध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगांनी याला दुजोरा दिला. डोळ्याकडून काहीही माहिती येत नसताना, मेंदूच्या पाठीमागच्या दृष्टिकेंद्रातल्या अंधबिंदूच्या वाट्याच्या काही पेशी भरणीला प्रतिसाद देताना सापडल्या.

जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठातून २०१७ साली आलेला निकाल तर विचारात पाडतो. लोकांना दोन पट्टेदार चकत्या दाखवल्या. एक पूर्ण डोळ्यासमोर, दुसरीचा मधला भाग अंधबिंदूत. कुठली सलग आहे ते सांगायचं होतं. दोन्ही तितक्याच सलग होत्या, तरी लोकांनी जास्त वेळा अंधबिंदूतली निवडली. प्रत्यक्ष दिसलेल्यापेक्षा मेंदूने स्वतः भरलेल्यावर त्यांचा विश्वास अधिक बसला. कोर्टात साक्षीदार ‘मी स्वतः पाहिलं’ म्हणतो तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

ही भरणीच पुढे आमची डोकेदुखी होते. मेंदूच्या आजाराने दिसण्यात पडलेली खरी भोकंसुद्धा पेशंटला काळी दिसत नाहीत. ती नुसती नसतात. म्हणून ‘मला अर्धं दिसत नाही’ असं म्हणत पेशंट क्वचितच येतो. इतवारीतले एक दुकानदार काका चष्म्याचा नंबर बदलून हवा म्हणून आले होते. आधीच दोन चष्मे करून झालेले. तक्रार अशी: ‘डॉक्टर, डाव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं. गाड्या एकदम अंगावर येऊन राहिल्या.’ अक्षरांच्या तक्त्यावर मात्र दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. मी त्यांच्यासमोर बसलो, त्यांचा एक डोळा झाकायला सांगितला, माझ्या नाकाकडे बघा म्हटलं आणि दोन्ही बाजूंना बोटं धरली. डावीकडची किती बोटं वर आहेत ते सांगता येईना. दुसरा डोळा झाकला, तरी डावीकडचीच सांगता येईनात. मग मोठ्या टायपातला कागद वाचायला दिला. ‘नागपूर’ला ते ‘पूर’ म्हणाले, ‘महाराज’ला ‘राज’, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात शोधायला बोट लावावं लागत होतं. डावा डोळा ठणठणीत होता. गेला होता तो दोन्ही डोळ्यांचा डावा अर्धा भाग. एमआरआयमध्ये उजव्या मेंदूच्या पाठीमागे लकव्याची, म्हणजे तिथला रक्तपुरवठा तुटल्याची, जुनी खूण निघाली. हात-पाय व्यवस्थित चालत होते, म्हणून तो लकवा होता हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ही बोटांची तपासणी दोन मिनिटांची आहे, तिला एक रुपयाचं यंत्र लागत नाही, आणि चष्म्याच्या घाईत ती हमखास राहून जाते याचं मला वाईट वाटतं.

भोकाचा आकार आणि जागा बघून वाटेत बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर खाली पिट्युटरी ग्रंथी असते. तिची गाठ वाढून वर दाबू लागली की दोन्ही बाजूंचं, कानांकडचं दिसणं जातं. अशा माणसाला दोन्हीकडून दारांच्या चौकटी लागतात. उभ्या मध्यरेषेवर कातरीने कापावं तसं दिसणं तुटलं की समजायचं, बिघाड या ओलांडणीच्या जागी किंवा तिच्या मागे आहे. एका बाजूचा वरचा पाव भाग गेला तर कानशिलाकडचा मेंदू, खालचा पाव गेला तर त्याच्या वरचा. वरचा किंवा खालचा अर्धा भाग आडव्या रेषेवर तुटला आणि तोही एकाच डोळ्यात, तर बहुधा नसेचा रक्तपुरवठा अडला आहे. टीबीच्या एथॅम्ब्युटॉल गोळीने, दारू-तंबाखू आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता एकत्र आल्याने जो बिघाड होतो त्यात मधली नजर आणि अंधबिंदू यांना जोडणारा डाग तयार होतो. लाल रंग फिका दिसायला लागतो. टीबीची औषधं चालू असलेल्या कुणाला रंग धुतल्यासारखे वाटू लागले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा.

दृष्टिकेंद्राचा हा नकाशा मुळात युद्धातल्या जखमांवरून काढला गेला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रतज्ज्ञाकडे डोक्यात गोळी लागून जगलेले सैनिक तपासायचं काम आलं, त्यांचं पेन्शन ठरवण्यासाठी. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि दिसण्याचा कुठला भाग गेला, हे त्याने जुळवलं आणि १९०९ मध्ये छापलं. नजरेच्या मधल्या भागाला मेंदूत किती मोठी जागा मिळते ते त्यातून दिसू लागलं. आज आपल्याला माहीत आहे की मधल्या १० अंशांनाच दृष्टिकेंद्राची निम्मी किंवा त्याहून जास्त जागा जाते. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी तेच काम ब्रिटिश सैनिकांवर आणखी पक्कं केलं. त्याच काळात, १९१७ मध्ये, जॉर्ज रिडॉक यांनी नोंदवलं की दिसत नसलेल्या भागातली हालचाल काही सैनिकांना जाणवते.

या शेवटच्या नोंदीकडे पुढे बरीच वर्षं कुणी फारसं वळून पाहिलं नाही. १९७४ साली लॉरेन्स वाइस्क्रान्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका पेशंटबद्दल लिहिलं. मेंदूच्या मागच्या उजव्या भागाच्या ऑपरेशननंतर त्याला डावीकडचं दिसेना. त्या भागात दिवा लावून ‘कुठे आहे, अंदाजाने बोट दाखवा’ म्हटलं की तो म्हणायचा, मला काही दिसतच नाही. तरी बोट बरोबर जागी जायचं. २००८ मध्ये टी. एन. या पेशंटबद्दल प्रसिद्ध झालं. त्याचं दृष्टिकेंद्र दोन्ही बाजूंनी निकामी होतं आणि तो काठी घेऊन चालायचा. त्याला काठीशिवाय एका लांब व्हरांड्यातून जायला सांगितलं, तर वाटेत ठेवलेल्या पेट्या आणि वस्तू चुकवत तो पलीकडे पोचला. आपण काही चुकवलं हे त्याला ठाऊकच नव्हतं. डोळ्याकडून मेंदूत जाणारी वाट एकच नाही. मुख्य वाट बंद झाली तरी काही पायवाटा उरतात आणि त्या हातापायांपर्यंत पोचतात, फक्त ‘मला दिसलं’ या जाणिवेपर्यंत पोचत नाहीत.

याच्या उलटही घडतं. दृष्टिकेंद्र दोन्ही बाजूंनी गेलेले काही पेशंट आपल्याला सगळं दिसतं असं ठामपणे सांगतात आणि भिंतीवर आदळतात. आणि उजव्या मेंदूच्या वरच्या भागात लकवा झाला की डोळे आणि नस धड असूनही डावी बाजूच जगातून वजा होते. घरचे सांगतात, ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडची पोळी-भाजी तशीच राहते आणि ‘पोट नाही भरलं’ म्हणतात. ताट अर्धं फिरवून ठेवलं की तीच पोळी निमूट खातात. अर्धं न दिसणारा माणूस मान वळवून शोधतो. याला शोधायचं सुचतच नाही. घरच्यांना हा फरक समजावला की पेशंटवरची चिडचिड निम्मी होते. तो हट्टीपणा नसतो.

अर्धशिशीतली भोकं वेगळी, आणि नागपुरात एप्रिल-मे महिन्यात त्यांचे पेशंट वाढतातच. कडक उजेड, जागरण, उपाशीपण काहीही निमित्त पुरतं. वाचताना मधलं एखादं अक्षर गायब होतं, मग तिथे चमचमणारी नागमोडी रेघ उमटते आणि वीस-तीस मिनिटांत कडेकडेला पसरत निघून जाते. मागून डोकं दुखतं, कधी दुखतही नाही. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःच्याच झटक्यांतल्या रेघा काढून हिशेब केला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असावं. तीन वर्षांनी ब्राझीलच्या लिआओ यांनी सशांच्या मेंदूवर तशीच सावकाश पसरणारी लाट नोंदवली. कागद-पेन्सिलीने मेंदूच्या आत डोकावणं यालाच म्हणावं. एक डोळा झाकून बघितलं आणि रेघ दोन्ही डोळ्यांना दिसली तर ती मेंदूतली. हळूहळू पसरणारी आणि चमकणारी रेघ सहसा अर्धशिशीची असते. पण पडदा पडावा तसं एका क्षणात एका डोळ्याचं किंवा एका बाजूचं दिसणं गेलं तर तो लकव्याचा इशारा समजायचा आणि थेट इमर्जन्सीत जायचं. दहा मिनिटांत परत दिसायला लागलं तरीही जायचं. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता तुमच्या पत्नीकडे येतो. अंधबिंदू खरोखर मोठा होतो तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा त्या चकतीपाशीच सापडतं. जास्त मायनस नंबर असलेल्यांचा तो थोडा मोठा असू शकतो. पण डोकेदुखीबरोबर तो मोठा झाला असेल तर मला कवटीच्या आतला दाब वाढल्याची शंका येते. वाढलेल्या दाबाने नसेची चकती सुजते आणि भोवतालचा पडदा किंचित उचलला जातो. तिथला फोकस बिघडतो आणि अंधबिंदू फुगतो. प्लस भिंग ठेवून तपासलं की त्यातला थोडा परत आकसतो, हा याचा पुरावाच आहे. तरुण आणि अलीकडे वजन वाढलेल्या बायकांमध्ये हा दाब गाठीशिवायही वाढतो. मुरुमांसाठीच्या अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधंही त्याला निमित्त होतात. म्हणून तिला विचारा: वाकल्यावर किंवा उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते का? कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घूं-घूं आवाज होतो का? आडवं पडल्यावर डोकं जास्त दुखतं का? लांबचं एकाचे दोन दिसतं का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, किंवा नुकतं बाळंतपण झालं आहे का? शेवटचा प्रश्न मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होण्याच्या शक्यतेसाठी आहे, आणि ते हलक्यात घ्यायचं दुखणं नाही.

जायचं कुठे? सरकारी रुग्णालयांत मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहे. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरही भरपूर आहेत. कुठेही गेलात तरी ‘चष्म्याचा नंबर बघा’ म्हणू नका. ‘डोकेदुखी आहे, नसेला सूज आहे का ते बाहुली मोठी करून बघा’ असं सांगा. सूज नसेल तर फिल्ड टेस्ट आणि नसेचं ओसीटी स्कॅन (प्रकाशाने काढलेला तिच्या थरांचा फोटो) करून नोंद ठेवता येईल, आणि डोकेदुखीसाठी फिजिशियनकडे शांतपणे जाता येईल. अशा वेळी एमआरआय लगेच लागेलच असं नाही. सूज असेल तर मात्र त्याच दिवशी एमआरआय, आणि शिरांच्या फोटोसकट. त्यात गाठ किंवा गुठळी नसेल तर पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. दाब वाढलेला निघाला तर असेटाझोलामाइडची गोळी आणि वजन कमी करणं, एवढ्याने पुष्कळ जणींची नजर वाचते. उशीर झाला तर गेलेली नजर परत आणता येत नाही.

मानेच्या झटक्यांबद्दल इतकंच, की मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे दृष्टिकेंद्राला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. झटक्यानंतर त्यांचं अस्तर फाटून लकवा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ती क्वचित घडतात, पण ज्या सत्राने काही साधणार नाही त्यासाठी तेवढाही धोका का पत्करायचा? राहिलेल्या अकरा सत्रांचे पैसे आगाऊ भरले असतील तर परत मागा. मिळाले नाहीत तरी जाऊ नका.

आणि तपासणीला जाताना तिला एकटीला स्कूटरवर पाठवू नका. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि दुपारचं ऊन डोळ्यांत खुपतं. तुम्ही बरोबर जा, काळा चष्मा न्या, आणि तो नकाशाचा कागदही फाइलीत ठेवा. तिच्यावर काय काय झालं हे डॉक्टरांना सांगायला तो उपयोगी पडेल.